‘सगळे सारखेच’ म्हणण्यापूर्वी

दिव्याहून वसईकडे जाणारी गाडी भिवंडी रोड स्थानकावर थांबते. अंतर फार नाही. पोलिसांविषयी आपण सरसकट जे बोलतो, ते पारखून घ्यायचे असेल तर या शेजारच्या भिवंडीचा इतिहास पाहावा.

७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी तेथे दंगल पेटली. तिचे लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेले. चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मादन आयोगाने पोलिसांच्या पक्षपाती वागण्यावर ताशेरे ओढले. १९८४ मध्ये यंत्रमागांचे हे गाव पुन्हा जळाले. ‘पोलीस आपले नव्हेत’ ही मोहल्ल्यातली भावना काही हवेतून आलेली नव्हती.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे पोलिसांबरोबर बसून बोलू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. खाते तेच, गणवेशही तोच. पण मधल्या काळात ओळख झाली होती.

मुंबईच्या त्या दंगलीवरील श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये आला. पोलीस दलातल्या मुस्लिमविरोधी पूर्वग्रहाची नोंद त्यात आहेच. पण आयोग तेवढ्यावर थांबला नाही. त्याने ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका ठेवला. मला ही रीत न्यायाची वाटते. ‘सगळे सारखेच’ म्हटले, की खरा दोषी त्या ‘सगळ्यां’त सुखाने लपतो आणि इमानदार शिपायाच्या पदरी मात्र शिव्या पडतात.

सरसकटपणाची किंमत भिवंडीनेच पुन्हा मोजली. जुलै २००६ मध्ये तेथे नियोजित पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोन जण मेले आणि त्यानंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार केले. जमावाला त्यांची नावे ठाऊक असण्याची गरज नव्हती. अंगावरची खाकी पुरेशी होती.

माझे नाव ऐकताच ‘तुम्ही लोक’ अशी सुरुवात करणारे मला भेटतात. ते शब्द मला बोचतात, म्हणून तेच शब्द मी खाकीला लावू शकत नाही. मात्र एक फरक विसरता येत नाही. मी मुसलमान जन्माने आहे. पोलिसाची नोकरी माणूस स्वतः पत्करतो आणि तिच्याबरोबर लाठी, बंदूक व अटकेचा अधिकार येतो. म्हणून त्याच्या कामाचा हिशेब इतरांपेक्षा कडक हवा, खात्याच्या सवयीही तपासायला हव्यात. पण एखाद्या पोलिसाच्या मनात काय होते, याचा निवाडा त्या एकाच्या करणीवरून, पुरावा पाहूनच व्हावा. आयोगाने ३१ नावे लिहिली; आपणही निदान नाव विचारून मग बोलावे.