संगमरवरी क्रेफिश

संगमरवरी क्रेफिश (शास्त्रीय नाव: प्रोकॅम्बॅरस व्हर्जिनॅलिस) हा गोड्या पाण्यात राहणारा दशपाद कवचधारी प्राणी आहे. लहान शेवंडीसारखे शरीर, खेकड्यासारख्या नांग्या आणि कवचावरील संगमरवरासारखी नक्षी ही त्याची ओळख होय. या जातीत नर नसतात. सर्व माद्याच असून त्यांची अंडी फलनाविना वाढतात. या प्रकारास अनिषेकजनन म्हणतात. भारतात क्रेफिशची एकही देशी जाती नाही. येथील नद्यांतील कोळंबी हा निराळा गट आहे.

उगम

१९९५ च्या सुमारास जर्मनीतील हौशी मत्स्यालयांत हा प्राणी प्रथम लक्षात आला. २००३ साली त्याच्या अनिषेकजननाची माहिती 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. प्रोकॅम्बॅरस फॅलॅक्स ही त्याची पूर्वज जाती अमेरिकेतील फ्लोरिडा व दक्षिण जॉर्जिया येथे आढळते. तिच्यात नर व मादी दोन्ही असतात.

जनुकीय रचना

पूर्वज जातीत गुणसूत्रांचे दोन संच असतात, तर संगमरवरी क्रेफिशमध्ये तीन. त्याच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यात २१,००० हून अधिक जनुके आढळली. एरवी वेगवेगळ्या नद्यांत विभागलेल्या क्रेफिशच्या समष्टींमध्ये दीर्घकाळात जनुकीय फरक साचतात आणि त्यांवरून जातीच्या प्रसाराचा इतिहास उलगडता येतो. येथे मात्र जर्मनी आणि मादागास्कर येथील प्राण्यांतही फरक अत्यल्प आहे. हे सर्व एकाच मादीचे वंशज असल्याचे त्यावरून दिसते. जनुके सारखी असूनही त्यांचा आकार व नक्षी वेगवेगळी असू शकते.

प्रसार आणि परिणाम

मत्स्यालयांतून सोडलेल्या प्राण्यांमुळे जर्मनी, स्लोव्हाकिया, हंगेरी, युक्रेन इत्यादी देशांत त्याच्या समष्टी निर्माण झाल्या. मादागास्करमध्ये २००७ ते २०१७ या काळात त्याचे क्षेत्र सुमारे शंभर पटींनी वाढले. तेथील बाजारांत तो खाद्य म्हणून विकला जातो. परंतु केवळ त्याच बेटावर आढळणाऱ्या अ‍ॅस्टॅकॉइडिस प्रजातीच्या देशी क्रेफिशना त्याच्यापासून धोका संभवतो. युरोपातील देशी क्रेफिशना मारक ठरणाऱ्या 'क्रेफिश प्लेग' या रोगाचाही तो वाहक आहे.

नवी समष्टी निर्माण होण्यास एकच मादी पुरेशी असल्याने प्रसार झाल्यावर नियंत्रण कठीण होते. म्हणूनच युरोपीय संघाने २०१६ पासून त्याची आयात, पालन व विक्री यांवर बंदी घातली आहे.