हवाई वाहतूक व्यवस्थापन : मुंबई उड्डाण माहिती क्षेत्र

विमान नेमके कोठे आहे हे जमिनीवरच्या नियंत्रकाला कळणे, त्याचा आदेश वैमानिकापर्यंत पोहोचणे आणि त्यानुसार उड्डाणांची आखणी होणे, या सगळ्याची यंत्रणा. भारताचे आकाश मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई अशा चार उड्डाण माहिती क्षेत्रांत विभागले आहे. मुंबईच्या वाट्याला सह्याद्री आणि अरबी समुद्राचा मोठा पट्टा, दोन्ही आले. या दोन्ही ठिकाणी सुधारणांची गरज भासली.

मुंबईत वारा बहुधा पश्चिमेचा असल्याने विमाने पूर्वेकडून, घाट ओलांडून उतरणीला लागतात. बदलापूरचे शिरगाव, अंबरनाथ, उल्हासनगर हा टापू याच बाजूला येतो. जे. आर. डी. टाटा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला उतरले, तेव्हा विमानात रेडिओही नव्हता. पुढे रेडिओ आला, तरी वैमानिक सांगेल तीच विमानाची जागा मानावी लागे. ६-७ जुलै १९६२ च्या मध्यरात्री बँकॉकहून येणारे अलितालियाचे डीसी-८ जुन्नरच्या डोंगरावर आदळून ९४ जण ठार झाले. आपण मुंबईच्या बरेच जवळ आलो, असा वैमानिकाचा समज झाला होता आणि त्याने उंची फार लवकर कमी केली.

जमिनीवरूनच विमानाची जागा कळावी, यासाठी रडार. त्यातले प्राथमिक रडार फक्त प्रतिध्वनी टिपते. दुय्यम रडारने विचारणा केली की विमानातला ट्रान्सपॉन्डर ओळख व उंची कळवतो. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ जण दगावले. त्यानंतर याच ट्रान्सपॉन्डरच्या आधारे टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांत सक्तीची झाली. आता एडीएस-बी पद्धतीत विमान उपग्रहांवरून काढलेले आपले स्थान स्वतःच प्रक्षेपित करते. शिरगावच्या गच्चीवरून दिसणारे विमान कुठले, हे मोबाइलवर कळते ते यामुळेच.

दूर समुद्रावर रडार पोहोचत नाही आणि व्हीएचएफ रेडिओ सुमारे ३७० किलोमीटरपलीकडे जात नाही. तेथे खरखरणाऱ्या एचएफ रेडिओवर भिस्त असे. एकाच उंचीवर मागेपुढे जाणाऱ्या विमानांत दहा मिनिटांचे, म्हणजे दीडशेएक किलोमीटरचे अंतर ठेवावे लागे. सीपीडीएलसी या पद्धतीत आदेश ठरावीक वाक्यांत पडद्यावर उमटतो आणि वैमानिक कळ दाबून होकार देतो. एडीएस-सी ठरल्या वेळी स्थान कळवते. या जोडीमुळे अंतर ५० सागरी मैलांवर (सुमारे ९३ किमी) आणता येते. ऐकण्यातल्या चुका टळणे हा लाभ त्याहून मोठा मानावा लागेल.

इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ प्रणाली जीपीएसमधील त्रुटी दुरुस्त करते. २०१५ मध्ये तिला उतरणीच्या मार्गदर्शनासाठी प्रमाणपत्र मिळाले. परंतु उपग्रहांवरची ही भिस्त धोक्याचीही आहे: नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीजवळ विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याचे आढळले.

 

मुंबईची खरी अडचण जमिनीवर आहे. तिथल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. गर्दीच्या तासातील विमानांची संख्या २०२४ मध्ये ४६ वरून ४४ करावी लागली. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहून उड्डाणे सुरू झाली आणि दोन्ही विमानतळांचे येण्याजाण्याचे मार्ग याच पूर्वेकडच्या आकाशात एकत्र आखावे लागत आहेत.