सात स्लॉट, एक नळ

नव्या मदरबोर्डवर दोन-तीनच स्लॉट दिसले की जुनेजाणते हळहळतात: पूर्वी पाच-सहा सहज मिळायचे, आता कंपन्या मुद्दाम कापतात. या पूर्वपक्षातलं गृहीतक मात्र कोणी तपासत नाही. ते असं, की जितके स्लॉट तितकी क्षमता.

जुन्या पीसीआय बसचाच हिशेब मांडू. ३२ बिटांची, ३३ मेगाहर्ट्झची ती बस सेकंदाला फार तर १३३ मेगाबाइट वाहून नेई, तेही सगळ्या कार्डांत मिळून. चाळीत बिऱ्हाडं पाच, नळ एक. शिवाय बसला जोडलेली प्रत्येक वस्तू सिग्नलवर ओझं टाकते. एका बसवर सुमारे दहा भार, हा अभियंत्यांचा ठोकताळा. बोर्डावर डाख दिलेली चिप म्हणजे एक भार, स्लॉट आणि त्यातलं कार्ड मिळून दोन. चार-पाच स्लॉटांपुढे जायचं तर ब्रिज चिप लावून दुसरी बस काढावी लागे. १९९५च्या एटीएक्स मदरबोर्ड आराखड्यात सात स्लॉटांची जागा होती खरी, पण जागेने पाणी वाढत नाही. ग्राफिक्सला ते पुरेना म्हणून एजीपी आला. त्याचा तर स्लॉट एकच! त्यालाही कारस्थान म्हणायचं?

पीसीआय एक्स्प्रेसने नळ घरोघरी नेला. टाकीतून निघणारे पाइप मात्र मोजके. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरच्या बहुतेक रायझन प्रोसेसरांत असे पाइप, म्हणजे लेन, २४: १६ ग्राफिक्सला, ४ एनव्हीएमई एसएसडीला, ४ चिपसेटला. चिपसेटमागे कितीही स्लॉट लावा, प्रोसेसरपर्यंतची वाहतूक त्या चारांतूनच. म्हणून खालचा लांबलचक स्लॉट पुष्कळदा आतून चार लेनचाच निघतो.

पूर्वपक्षात थोडं तथ्य आहे, ते नाकारत नाही. प्रोसेसर तोच असला तरी त्याच्या १६ लेन आठ-आठ अशा वाटायची मुभा इंटेल झेड६९० चिपसेटवर देते, बी६६०वर देत नाही. तिथे विजेचा काही संबंध नाही. तो निव्वळ धंदा. राग काढायचाच तर तो इथे काढावा.

बाकी लेन मोजक्या असण्याचं कारण खरं आहे: एका लेनला चार तारा लागतात, म्हणजे सोळाच्या स्लॉटला चौसष्ट, आणि त्या प्रोसेसरच्या टाचण्यांपर्यंत पोचाव्या लागतात. एएमडीच्या २०१७च्या थ्रेडरिपर प्रोसेसरने ६४ लेन दिल्या, तेव्हा त्याचं सॉकेट ४०९४ टोकांचं झालं. एएम४ला १३३१ पुरतात.