जपान व चीन यांची मऊ लाकडाची आयात : एक तौलनिक अभ्यास

सूचिपर्णी वृक्षांपासून मिळणाऱ्या मऊ लाकडाची आयात ही देशातील वनसंपत्तीच्या टंचाईचे निदर्शक होय, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. जपानचा इतिहास या गृहीतकाला छेद देतो. त्या देशाचा सुमारे दोन-तृतीयांश भूभाग वनाच्छादित असूनही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो जगातील प्रमुख लाकूड आयातदारांपैकी एक होता.

१ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियो व योकोहामा यांच्या पुनर्बांधणीसाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून मोठ्या प्रमाणावर लाकूड आले. दुसऱ्या महायुद्धकाळात डोंगर उघडे पडले आणि युद्धोत्तर शासनाने सुगी व हिनोकी या वृक्षांची विस्तृत लागवड केली. परंतु ही झाडे तोडणीयोग्य होण्यास चार-पाच दशके लागतात. शहरांची घरबांधणी तेवढी थांबणार नव्हती. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी आयात खुली झाली. १९५५ मध्ये ९० टक्क्यांहून अधिक असलेली लाकडाची स्वयंपूर्णता २००२ च्या सुमारास २० टक्क्यांच्या खाली आली. लागवड पक्व होऊ लागली तेव्हा १९८५ नंतरच्या महाग येनमुळे परदेशी लाकूड स्वस्त झाले होते आणि डोंगराळ गावांतील मजूरवर्ग वृद्ध झाला होता. न तोडलेल्या सुगीच्या परागकणांनी दर वसंतात शहरवासीयांना शिंकांनी बेजार करावे, हा त्या धोरणाचा अनपेक्षित परिणाम!

चीनच्या आयातवाढीस निराळे कारण घडले. १९९८ च्या महापुरांनंतर यांगत्सेच्या उगमाकडील जंगलतोडीला दोष देण्यात आला. नैसर्गिक वनांतील तोडीवर निर्बंध आले आणि १९९९ मध्ये ओंडके व कापीव लाकूड यांवरील आयात जकात रद्द झाली. मांझौली व सुईफेन्हे या सीमेवरील ठाण्यांतून रशियन ओंडक्यांचा ओघ सुरू झाला. अमेरिकेतील गृहबांधणी २००७ नंतर कोसळली, तेव्हा कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील आरागिरण्यांनीही चीनकडे मोर्चा वळविला. येथे एक भेद लक्षणीय आहे. जपानी ग्राहकाला घराच्या खांब-तुळयांसाठी नेमक्या मापाचे, निवडक लाकूड हवे असे. चीनमध्ये मात्र हलक्या प्रतीचे बरेचसे लाकूड काँक्रीटच्या साच्याच्या फळ्यांसाठी खपले. म्हणूनच केवळ घनमीटरांची तुलना फसवी ठरते.

दुसरी अडचण वर्गवारीची आहे. कापीव लाकडाची आयात वाढणे म्हणजे मागणी वाढणे असेलच असे नाही. पुरवठादार देशाने ओंडके रोखले की तेच लाकूड फळ्यांच्या रूपाने येते. ठिपकेदार घुबडाच्या संरक्षणार्थ १९९० नंतर अमेरिकेच्या वायव्य भागातील सरकारी वनांतील तोड घटली, त्याची झळ जपानी आरागिरण्यांना बसली. रशियाने सूचिपर्णी ओंडक्यांवरील निर्यात कर २००७ मध्ये २० व २००८ मध्ये २५ टक्क्यांवर नेला, तेव्हा चीनच्या सीमेवरील गिरण्यांवर तीच वेळ आली.

चीनने २०१७ पर्यंत नैसर्गिक वनांतील व्यापारी तोड देशभर थांबविली. स्वदेशी वने वाचविल्याचे हे श्रेय खरे असले, तरी त्याची किंमत अंशतः सैबेरियातील वनांनी मोजली, हे आयातीच्या तक्त्यात दिसत नाही. जपानमध्ये उलट प्रवाह सुरू होऊन २०२० मध्ये स्वयंपूर्णता ४० टक्क्यांच्या वर गेली. १ जानेवारी २०२२ पासून रशियाने प्रक्रिया न केलेल्या सूचिपर्णी ओंडक्यांची निर्यात जवळजवळ बंद केली.