पहिले गिऱ्हाईक

आमच्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदाच्या स्मरणिकेसाठी 'काहीतरी ऐतिहासिक लिहा' असे मला सांगितले, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. माहेरच्या गावी शाळाच तेवढी होती आणि पुढच्या शाळेला जायला एस. टी. नव्हती. इतिहास म्हटला की शिवाजी महाराजांचे धडे आठवतात, आणि सनावळ्या तर परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच विसरले. पण गेल्या वर्षी आमच्या घरात असा प्रसंग आला की मला आपण होऊन जुनी माहिती शोधावी लागली. काही वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून मिळाली, काही लेकीने वाचून दाखविली. ती भगिनींपुढे ठेवते. चुकले तर पदरात घ्यावे.

प्रसंग असा. माझी धाकटी मुलगी जालन्याच्या कॉलेजात शिकली. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, मालाच्या पुड्यांवरची चित्रे असे काम संगणकावर करण्यात तिचा हात चांगला आहे. नोकरीसाठी पुण्याला धाडायला घरच्यांचे मन होईना. तेव्हा तिने सांगितले की असे काम हल्ली घरबसल्या मिळते. इंटरनेटवर त्याचा बाजार भरतो. तेथे आपले दुकान मांडायचे, कामाचे नमुने ठेवायचे, दर लिहायचा, आणि जगाच्या पाठीवरचे कोणीही गिऱ्हाईक येऊन काम सांगते. माझा भिशीचा नंबर नुकताच लागला होता. पाटल्या मोडून नव्या करायच्या माझ्या मनात होते, ते बाजूला ठेवून मी ते पैसे लॅपटॉपसाठी दिले.

दुकान मांडले. एक महिना गेला, दोन गेले, तीन गेले. गिऱ्हाईक फिरकले नाही. पोरगी रात्री दोन दोन वाजेपर्यंत त्या उजेडापुढे बसलेली. जेवणावरची वासना उडाली. तिचे वडील मनाने वाईट नाहीत, पण ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू, मग स्थळे पाहायला लागू." एके दिवशी ती मला म्हणाली, "आई, आधी काम केलेल्यालाच लोक काम देतात. ओळख नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून ओळख नाही. मी शिरायचे कुठून?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पण हा प्रश्न मी पूर्वी ऐकलेला होता. आपल्या मंडळाने अंगारकीला राजुरेश्वराच्या यात्रेत पहिल्यांदा पापड विकायला मांडले, तो दिवस कितीजणींना आठवतो? लाखाची गर्दी. पायऱ्यांजवळच्या जागा नारळ, पेढे, हळदीकुंकू विकणाऱ्यांनी आदल्या रात्रीच धरलेल्या. आपल्याला जागा मिळाली ती पार मागे, जिथे टेम्पो उभे राहतात तिथे. उडदाचे इतके सुरेख पापड, पण संध्याकाळपर्यंत अकरा पुडे गेले, त्यांतले सहा आपणच एकमेकींच्या पाहुण्यांना दिले. माल चांगला असणे ही एक गोष्ट आणि तो लोकांच्या नजरेस पडणे ही दुसरी, हे मला त्या दिवशी कळले.

आमच्या सासूबाई सांगत, पूर्वी खेड्यात हा प्रश्नच नव्हता. बलुतेदारीत गिऱ्हाईक वाडवडिलांपासून ठरलेले. सुताराला कुळे शोधावी लागत नसत आणि कुळाला सुतार शोधावा लागत नसे. खळ्यावर धान्याचा वाटा मिळे. त्यात अन्याय पुष्कळ होता, आणि बायकांचे काम तर कोणी मोजतच नसे. कुंभारणीने माती मळली, परटिणीने कपडे बडवले, पण बलुते घरधन्याच्या नावाने. १९४८ साली सप्टेंबरात आपला मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटला, रस्ते झाले, मोटारी आल्या, कारखान्यांचा माल खेड्यात आला, आणि ती जुनी बांधलेली गिऱ्हाइके हळूहळू सुटत गेली. ज्याचा त्याने बाजार शोधायचा असा काळ आला. घरातल्या बाईने स्वतःच्या नावाने बाजारात उभे राहायचे म्हणजे तर अगदीच नवल.

ते नवल ज्यांनी केले त्यांची हकीकत मी लेकीला सांगितली. मुंबईत गिरगावात लोहाणा निवास नावाच्या इमारती आहेत. तेथे राहणाऱ्या सात गुजराती गृहिणी १५ मार्च १९५९ रोजी गच्चीवर जमल्या व त्यांनी पापड लाटायला घेतले. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. शिक्षण बेताचे, हाताशी एकच कसब, लाटण्याचे. भांडवल ऐंशी रुपये, तेही छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. लोक त्यांना छगनबाप्पा म्हणत. पहिल्या दिवशी माल किती झाला? चार पुडे! पुढे ज्याचे नाव घरोघर गेले तो लिज्जत पापड तो हाच.

ते चार पुडे कोणी घेतले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने. ओळखीच्या! अनोळखी बाजारात त्या एकदम शिरल्या नाहीत. जिथे आपला शब्द कोणी ऐकून घेईल असे एक दार त्यांना ठाऊक होते, तेथून त्यांनी सुरुवात केली. मोडलेले पापड शेजारीपाजारी वाटून टाकीत. मला वाटते ते वाटणे काही फुकट गेले नसावे. ज्या घरात पापडाचा तुकडा जातो त्या घरात पापडाची गोष्टही जाते.

आणखी एक गोष्ट. सुरुवातीला त्या दोन प्रतीचे पापड करीत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्तात विकायला. नवख्या माणसाला असेच वाटते की भाव उतरवला म्हणजे गिऱ्हाईक येईल. छगनबाप्पांनी त्यांना सांगितले की एकच चांगल्या प्रतीचा पापड करा आणि प्रतीत कधी तडजोड करू नका. हिशेब चोख ठेवा, हेही सांगितले. मदत म्हणून कोणाची देणगी घ्यायची नाही हे तर बायकांनी आधीच ठरविले होते. हे ऐकून माझी लेक गप्प झाली. तिने चार दिवसांपूर्वीच आपला दर निम्म्यावर आणला होता.

पहिल्या वर्षी विक्री झाली सहा हजार एकशे शहाण्णव रुपयांची. पण पावसाळा आला आणि काम चार महिने बंद ठेवावे लागले. उन्हावाचून पापड वाळणार कसे? आपल्याकडे मृगाच्या आधी वाळवण आटोपण्याची घाई असते ती काही उगाच नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. मला ही युक्ती इतकी आवडली की मी लेकीला ती दोनदा सांगितली. लोकांच्या तोंडून बातमी पसरली, गुजराती वगैरे वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी लिहून आले, आणि बायका येऊ लागल्या. दुसऱ्या वर्षअखेर दीडशे, तिसऱ्या वर्षी तीनशेंवर. गच्चीवर जागा पुरेना, म्हणून भिजवलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून आणून द्यायचे व वजन करून पैसे घ्यायचे अशी रीत पडली. सगळेच साधले असे मात्र नाही. १९६१ साली मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न फसला.

आणि गंमत अशी की एवढे होईपर्यंत पापडाला नावच नव्हते. १९६२ साली नावासाठी स्पर्धा ठेवली. धीरजबेन रुपारेल यांनी सुचविलेले 'लिज्जत' हे नाव पसंत पडले, बक्षीस पाच रुपये. गुजरातीत लिज्जत म्हणजे चव. १९६२-६३ मध्ये विक्री एक लाख ब्याऐंशी हजारांवर गेली. १९६६ साली संस्था रीतसर नोंदली गेली व खादी ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री जाहीर झाली. चार पुड्यांनंतर बासष्ट वर्षांनी.

लेक म्हणाली, "आई, त्यांना भुलेश्वर तरी होते. माझा बाजार समुद्रापलीकडे आहे." तिचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून मग तिच्या बाजाराचाही इतिहास आम्ही दोघींनी मिळून पाहिला. तो काही फार जुना नाही. २००३ च्या सुमारास दोघे ग्रीक मित्र होते, एक अमेरिकेत व एक ग्रीसमध्ये. इतक्या लांबून एकत्र काम कसे करावे या अडचणीतून त्यांनी 'ओडेस्क' नावाची व्यवस्था उभी केली. आधीपासून 'इलान्स' नावाची दुसरी होती. पुढे दोन्ही एक झाल्या आणि २०१५ साली 'अपवर्क' हे नाव पडले. २०१० साली इस्रायलमध्ये 'फायव्हर' निघाले. तेथे सुरुवातीला प्रत्येक कामाचा दर पाच डॉलर, म्हणून तसे नाव. लिज्जतच्या नावाचे बक्षीस पाच रुपये आणि याचे नावच पाचावरून, हा योगायोग पाहून आम्ही दोघी त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसलो.

या बाजारांची रीत साधारण सारखीच. गिऱ्हाईक आपल्याला हवे ते लिहून शोधते आणि समोर यादी येते. ज्यांची कामे झाली, ज्यांना जुन्या गिऱ्हाइकांनी पाच चांदण्या दिल्या, ते पुढे दिसतात. नवखा पार मागच्या पानावर, आणि मागच्या पानापर्यंत जातो कोण? म्हणजे आपले टेम्पोजवळचे पापडच! जालन्याचे जुने व्यापारी ज्याला पत म्हणत तीच ही चांदणी. फरक एवढाच की पूर्वी पत माणसे तोंडाने सांगत आणि आता यंत्र मोजून दाखविते.

पत नसलेल्या बायकांचे आणखी एक उदाहरण मला सापडले. गिरणगावात कोकणातल्या व घाटावरच्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या होत्या. एकेकीच्या घरी वीस वीस माणसे जेवत. गिऱ्हाईक होते, पण बँकेच्या लेखी त्या नव्हत्याच. गहाण टाकायला काही नाही, तेव्हा सावकाराच्या दारी जायचे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व बँकेची कर्जे मिळवून दिली. त्याच १९७५ साली सरकारने महिला आर्थिक विकास महामंडळही स्थापन केले, ज्याचे बचत गट आज आपल्या तालुक्यातही आहेत. पुढे १९८२ चा गिरणी संप झाला. कामगार गावी परतले, खाणावळी ओस पडल्या. लागलेले गिऱ्हाईकही असे जाऊ शकते.

आणि कमलाबाई ओगले! त्यांचे 'रुचिरा' १९७० साली निघाले, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. शिक्षण चौथीपर्यंत. हे वाचून मला स्वतःच्या सातवीचा उगाचच अभिमान वाटला. लग्न होऊन आलेल्या किती मुलींनी ते पुस्तक उघडून पहिला स्वयंपाक केला असेल! सासरच्या स्वयंपाकघरात शिकलेले ज्ञान पन्नाशीनंतर जगाला दिसले.

असो. माझ्या लेकीने काय केले ते सांगते. तिने दर पूर्ववत केला. मग आपले भुलेश्वर कोणते याचा विचार केला, आणि ती आली आपल्या मंडळात. पापडाच्या पुड्यावरचे चित्र तिने काढून दिले. बाजारपेठेतल्या शिंपीकाकांची पाटी केली, एका पेढेवाल्याचे खोके केले. पैसे थोडे, काहींनी नुसता आशीर्वाद दिला. पण हे खरे झालेले काम तिने आपल्या दुकानात नमुना म्हणून मांडले. पूर्वीचे नमुने होते ते मनाने रचलेल्या दुकानांचे. आणि दुकानावर 'सर्व प्रकारची चित्रे' लिहिले होते ते पुसून 'घरगुती खाद्यपदार्थांच्या पुड्यांची चित्रे' एवढेच लिहिले.

पाचव्या महिन्यात परदेशातल्या एका लोणचेवाल्या बाईने काम सांगितले. त्यात बाजाराचा हिस्सा कापून हातात आले ते आमच्या किराण्याच्या एका फेरीइतकेही नव्हते, पण त्या रात्री आमच्या घरी शिरा झाला. दुसऱ्या कामाला तीनच चांदण्या मिळाल्या. वीज सहा तास गेली होती व काम उशिरा पोचले. त्या दिवशी ती पुन्हा रडली. आता इन्व्हर्टर घेतला आहे. खाटेखालचा स्टोव्ह म्हणते मी त्याला. हे लिहीपर्यंत तिची नऊ कामे झाली आहेत. दिवाळी होऊन गेली, स्थळांचा विषय तिच्या वडिलांनी काढलेला नाही. मीही काढलेला नाही.

आपल्या पापडाचेही आता तितके वाईट नाही. गेल्या अंगारकीला आपण शेगडी मांडून पापड भाजून तुकडे वाटले आणि वासावर माणसे टेम्पोंपर्यंत आली. मात्र पुड्यावर चित्र आहे, मंडळाचा पत्ता आहे, आणि नावाची जागा लेकीने अजून कोरी ठेवली आहे. ज्या भगिनीला नाव सुचेल तिने चिठ्ठीवर लिहून पुढच्या चतुर्थीच्या आत चिटणीसबाईंकडे द्यावे. बक्षीस पाच रुपयेच ठेवावे असे माझे मत होते, पण कार्यकारिणीने एक्कावन्न केले आहेत.