छातीतलं पाणी आणि नळीची गोष्ट

या पॉडकास्टवर आपण कार्ला-भाजे केलं, लोहगड केला, बोरघाटातली रेल्वेही केली. आजचा इतिहास आमच्या घरातून सुरू होतो, त्यामुळे जरा सांभाळून घ्या.

आषाढात आईच्या छातीत पाणी झालं. आपण सर्रास 'फुफ्फुसात पाणी' म्हणतो, पण ते असतं फुफ्फुसाभोवती. फुफ्फुसावर एक आणि बरगड्यांना आतून एक असे दोन पातळ पदर असतात. मधे एरवी दोन-चार चमचे द्रव, वंगणापुरता. आईला कर्करोग होता, त्यात तो लिटरच्या हिशोबात साठतो. सुई घालून पाणी काढलं की आठवड्यात पुन्हा दम लागायचा. पुन्हा धो-धो पावसात लोणावळा लोकल, पुणे, केसपेपरची रांग. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "नळीच बसवू. पाणी घरीच काढा."

घरी? मी घाबरलोच. आणि घाबरलो की मी वाचत सुटतो, ही जुनी खोड.

छातीला भोक पाडून आतला पू काढणं हिप्पोक्रेटिसच्या ग्रंथांमध्येही आहे. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनं. रोज थोडा पू काढायचा, भोकात कापडाची वात सारायची, पू पातळ झाला की कथलाची पोकळ नळी. रोज थोडं काढायचं हे वाचून मी चमकलो, कारण डॉक्टरांनी आम्हाला जवळपास तेच सांगितलं होतं.

पण मग एवढी शतकं माणसं या उपचाराला का भ्यायची? खरी अडचण पाण्याची नव्हतीच, हवेची होती. त्या दोन पदरांमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी असतो आणि त्या ओढीनेच फुफ्फुस फुललेलं राहतं. भोक उघडं राहिलं की हवा आत शिरते आणि फुफ्फुस फुग्यासारखं बसतं. 1875 च्या सुमारास हॅम्बुर्गच्या गोटहार्ड ब्युलाव यांनी साधी युक्ती केली: नळीचं बाहेरचं टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडवून ठेवलं. आतलं बाहेर येतं, बाहेरची हवा मात्र आत जात नाही. 1891 साली त्यांनी ते छापलं. आजही वॉर्डात खाटेखाली बुडबुडे येणारी जी बाटली दिसते, ती याच कुळातली.

तरी पटायला वेळ लागला. 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून आपल्याकडेही पसरली. तेव्हा अमेरिकेच्या लष्करी छावण्यांमध्ये न्यूमोनियानंतर छातीत पू झालेल्या सैनिकांच्या बरगड्या लवकर उघडत, आणि त्यातले सुमारे 30 टक्के दगावत. इव्हार्ट्स ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितलं, घाई करू नका, हवा आत जाऊ देऊ नका. मृत्यूंचं प्रमाण 5 टक्क्यांच्या आत आलं.

आता आपलं लोणावळं. 1924 साली इथे स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब त्यांनी यंत्र लावून मोजला, तो बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरला. गुरूंच्या नावावरून त्यांनी त्याला 'माधवदास व्हॅक्यूम' म्हटलं आणि 'योगमीमांसा'त छापलं. विषय पोटाचा, छातीचा नव्हे. उगाच नातं जोडत नाही. पण शरीरातली ही ओढ नळी लावून मोजता येते, हे आमच्या गावात कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी तपासत होतं. मला त्याचा आधार वाटला खरा.

आईची नळी पेन्सिलीपेक्षा बारीक, मऊ, थोडं अंतर कातडीखालून नेलेली. टोकाला एकाच दिशेने उघडणारी झडप. म्हणजे ब्युलावची बाटली त्या झडपेत मावली. अमेरिकेत अशा नळीला 1997 साली मान्यता मिळाली. तिच्या निर्वात बाटल्या महाग पडतात. आपल्याकडे बरेचदा साधी पिगटेल नळी टाकतात आणि तिला चक्क लघवीची पिशवी जोडतात. आईला ती पिशवी नको होती. "चारचौघांत ते लोंबत घेऊन फिरू का मी?" असं विचारायची.

दिवसाआड सकाळी साबणाने हात धुवायचे, हातमोजे घालायचे, बाटली जोडायची. एका वेळी लिटरच्या वर नाही. छातीत ओढ बसली किंवा खोकला उठला की तिथेच थांबायचं. लोणावळ्याच्या पावसात कपडेच वाळत नाहीत, तिथे ड्रेसिंग कोरडं ठेवायचं म्हणजे दिव्य. अंघोळ नाही, अंग पुसून घ्यायचं. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. आई म्हणाली, "अरे, धार काढतोयस असं समज." कामशेतकडची, गोठ्यात वाढलेली बाई.

किती निघालं ते मी वहीत लिहायचो. 700. 650. 400. दिवाळीत ती ओट्याशी उभी राहून करंज्या भरत होती, नळी पदराखाली खोचलेली. शेजारच्या काकूंना कळलंही नाही.

मार्गशीर्षात आई गेली. घरीच. वहीतली शेवटची नोंद 150 ची आहे. उरलेल्या चार बाटल्या त्याच वॉर्डातल्या एका कुटुंबाला दिल्या.

पुढच्या भागात पुन्हा भाजे लेणी, सूर्यगुंफेपासून. भेटू.