झाशीच्या वाड्यातील देवपूजा

भक्ती आणि दारिद्र्य यांची सांगड आपल्या मनात इतकी घट्ट बसली आहे की, सुखवस्तू माणसाच्या देवपूजेकडे आपण बहुधा संशयानेच पाहतो. तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत सोडली ही कथा लहानपणापासून ऐकलेली. मग पगार, बंगला आणि हाताखाली माणसे असलेल्या गृहस्थास वाटू लागते की, देवाचे दार आपल्यासाठी काहीसे अरुंदच असणार. परप्रांती चाकरीला आलेल्या आपल्या मंडळींच्या बैठकीत हा प्रश्न हटकून निघतो. त्याचा निर्णय शास्त्री-पंडितांनी करावा. इतिहासात मात्र त्यासंबंधी एक साक्ष आहे, आणि ती नेमकी झाशीची आहे.

साक्षीदार म्हणजे विष्णुभट गोडसे वरसईकर. घरचे कर्ज फेडावे, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळवावी, या हेतूने हा भिक्षुक 1857 साली कोकणातून उत्तरेस निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. झाशीच्या वेढ्याच्या वेळी तो शहरातच होता. पुष्कळ वर्षांनी आठवून लिहिलेली त्याची हकिकत ‘माझा प्रवास’ या नावाने 1907 साली चिंतामण विनायक वैद्य यांनी संस्कार करून छापली. मूळ स्वरूपात ती दत्तो वामन पोतदार यांनी 1966 साली प्रसिद्ध केली. साक्ष तपासूनच घेतली पाहिजे. गोडसे भटजी दक्षिणा घेणारे होते, आणि दक्षिणा घेणाऱ्यास दाता धर्मशीलच दिसतो. परंतु या गृहस्थाची नजर विलक्षण बारीक आहे. केवळ स्तुती करणारा माणसाच्या स्नानाच्या हंड्यांकडे लक्ष देत नाही. हे देतात.

जून 1857 पासून एप्रिल 1858 पर्यंतचे दहा महिने राज्य लक्ष्मीबाईंच्या हाती होते. त्या काळातील त्यांची दिनचर्या गोडसे सांगतात. पहाटे उठून व्यायाम, मग घोड्यावर रपेट. त्यानंतर स्नान, आणि स्नानाची बाईंना मोठी हौस. हंडेच्या हंडे ऊन, सुवासिक पाणी लागे. मग पांढरे स्वच्छ चंदेरी पातळ नेसून त्या आसनावर बसत. तुळशीची पूजा होई, पार्थिवपूजा होई, त्या वेळी दरबारचे गवई गात, आणि सरदार-आश्रित मुजऱ्यास येत. काल येणारा आज आला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याची चौकशी झाल्यावाचून राहत नसे. आपल्यापैकी कोणी पूजेच्या वेळी कार्यालयाची हजेरी घेतली, तर घरची माणसे हसतील. पण बाईंच्या पूजेत राज्य बाहेर थांबत नव्हते.

या सगळ्यात एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि चरित्रकार बहुधा ती ओझरती सांगून पुढे जातात. गंगाधरराव 21 नोव्हेंबर 1853 रोजी वारले. त्या काळच्या ब्राह्मण विधवेला केशवपन चुकत नसे. बाईंनी केस ठेवले होते. अंगावर मोजके हिऱ्या-मोत्यांचे दागिनेही असत. आणि रोज पूजेला बसल्यावर आरंभीच, केस ठेवल्याबद्दलचे प्रायश्चित्त त्या करीत. केशवपनाची रूढी अन्यायाची होती, हे आज वेगळे सांगावयास नको. पण क्षणभर बाईंच्या जागी बसून पाहावे. ज्या शास्त्राला त्या मानीत होत्या त्याच्या हिशेबात आपल्याकडे बाकी निघते, हे त्यांना ठाऊक होते. ती बाकी त्यांनी नाकारली नाही, की तिच्या भयाने पूजा सोडली नाही. रोजच्या रोज ती नोंद पहिल्या ओळीत करून मग त्या देवाकडे वळत. सुखात राहणारा मनुष्य देवापासून दुरावतो तो बहुधा सुखामुळे नव्हे. त्या सुखाचा हिशेब टाळू लागतो, आणि मग हिशेब मागणाऱ्यासमोर उभे राहणेही टाळतो.

आता शहराकडे वळू. आपल्या सिव्हिल लाइन्समधून किल्ल्याला वळसा घालून, जुन्या शहरातून लक्ष्मी दरवाज्याबाहेर पडले की लक्ष्मीतालाजवळ महालक्ष्मीचे देवालय लागते. कोकणातून येऊन येथे सुभेदार झालेल्या नेवाळकरांची ही कुलस्वामिनी. 1854 साली डलहौसीने राज्य खालसा केले, बाईंना दरमहा पाच हजारांचे वेतन ठरविले, आणि पुढे या देवालयाकडे लावून दिलेल्या गावांचे उत्पन्नही सरकारजमा झाले. बाईंनी तक्रार केली; दाद लागली नाही. दत्तक दामोदररावाच्या मुंजीसाठी, त्याच्याच नावाने सरकारात असलेल्या रकमेतून एक लाख रुपये मागितले, तेव्हा जामीनदार द्यावे लागले. राज्य गेल्याचे दुःख मोठे होतेच, पण देवाचा दिवा आणि मुलाची मुंज या दोन बाबतींत परक्या कचेरीकडे अर्ज करावा लागणे, हे त्या घराला किती झोंबले असेल, याची कल्पना कचेरीतच आयुष्य काढणाऱ्या आपणांस सहज यावी.

राज्य हाती आल्यावर बाई पुन्हा महालक्ष्मीच्या दर्शनास लवाजम्यानिशी जाऊ लागल्या. कधी पालखीत, कधी घोड्यावर. बरोबर स्वार, नगारा, निशाण. ऐश्वर्य झाकलेले नव्हते. एके दिवशी दर्शन करून परतताना दरवाज्यापाशी भिकाऱ्यांचा गलका झाला. काय आहे, म्हणून विचारता दिवाणांनी सांगितले की, थंडी फार पडली आहे आणि लोकांस पांघरावयास नाही. झाशीची थंडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना अधिक सांगावयास नको; येथला उन्हाळाच बाहेर प्रसिद्ध आहे इतकेच. बाईंनी आज्ञा केली की चौथ्या दिवशी शहरातले सारे गोरगरीब एकत्र करावे आणि प्रत्येकास बंडी, टोपी आणि घोंगडी द्यावी. शहरातले शिंपी कामाला लागले. ही आज्ञा देवळाच्या वाटेवर झाली, हे मला विसरता येत नाही. मूर्तीपुढे उभे राहताना जे डोळे मिटले होते ते परतताना उघडे होते.

3 एप्रिल 1858 रोजी सर ह्यू रोजच्या फौजा तटावर चढल्या. पुढची कत्तल आणि लूट गोडश्यांनी अंगावर घेतली. जमविलेली दक्षिणा गेली. बाई रात्री किल्ल्याबाहेर पडल्या. त्यानंतर एकदा काल्पीकडच्या वाटेवर एका विहिरीशी दोघांची गाठ पडली. पुरुषी पोशाखातील, धुळीने माखलेली, तहानलेली राणी. भटजी आपल्या भांड्याने पाणी काढून देऊ लागले, तेव्हा विद्वान ब्राह्मणाकडून ही सेवा घेण्याचे नाकारून तिने दोरी स्वतःच्या हाती घेतली आणि पाणी शेंदून प्याली. आपणास स्वतःपुरते अर्धा शेर तांदूळ पुरले असते, हा खटाटोप धर्माच्या अभिमानाने केला, अशा अर्थाचे ती बोलली, असे गोडसे लिहितात. शब्द वर्षांनंतर आठवलेले असतील. पण मोठमोठ्या हंड्यांनी स्नान करणाऱ्या बाईने आपली गरज अर्धा शेर तांदळावर आणून ठेवली, ही कल्पना कोकणातला भिक्षुक आपल्या मनाने रचील असे मला वाटत नाही. वाड्यात असतानाच हे माप तिला माहीत असले पाहिजे.

17 जून 1858 रोजी ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराई येथे इंग्रजांशी लढाई झाली. बाई पडल्या त्या त्याच ग्वाल्हेरच्या रणात. 1861 साली इंग्रजांनी झाशी शहर शिंद्यांना दिले आणि आपले ठाणे बाहेर झाशी-नौआबाद येथे ठेवले. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात 1886 साली शहर परत घेतले. नवाबाद हे नाव येथील पोलीस ठाण्याने अजून जपले आहे. गोडसे भटजी गंगाजलाची कावड खांद्यावर घेऊन पायी वरसईस पोहोचले, आणि त्या पाण्याने त्यांनी आपल्या आईवडिलांना स्नान घातले.